भोंगा कोणी बंद केला? ‘द रेल्वे मेन’ पाहून काही आक्षेप

‘द रेल्वे मेन’ ही नेटफ्लिक्सवरची चार भागांची मालिका १८ नोव्हेंबर २०२३ रोजी आली. दिग्दर्शक शिव रवैल. विषय भोपाळची २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आणि त्या रात्री स्टेशनवर असलेली माणसं. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली, कौतुकही केलं. त्या कौतुकाशी माझं भांडण नाही. के के मेनन यांचा स्टेशन मास्तर बराच काळ डोक्यातून जात नाही, आणि प्लॅटफॉर्मवरची गर्दी, खोकला, अंधार हे सगळं अंगावर येतं. पण आपण इथे जमतो ते जुन्या गोष्टी नीट तपासायला. तेव्हा मालिका चांगली वठली आहे हे मान्य करून, ती इतिहास म्हणून कुठे कमी पडते ते सांगतो.

माझा आक्षेप तपशिलांवर नाही. काल्पनिक पात्रं घालणं, पोलिसाच्या वेषातला चोर आणणं, गाडीत दंगलीचा प्रसंग रचणं ही कथाकाराची सोय आहे. प्रत्यक्षातले उप-स्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांच्या जागी इफ्तेकार सिद्दीकी येतात, तेही चालेल. आक्षेप आहे तो संकटात ‘निरोप’ कसा अडला याच्या चित्रणावर. मालिकेत स्टेशनचा बाहेरशी संपर्क तुटतो आणि तो पुन्हा जोडण्याची धडपड हा कथानकाचा मोठा भाग होतो. पाहणाऱ्याच्या मनात राहतं ते असं की तारा जागेवर असत्या तर कितीतरी माणसं वाचली असती.

भोपाळ शहरात त्या रात्री टेलिफोन चालू होते. भोंगाही होता आणि तो वाजत होता. निरोप अडला तो तारेत नव्हे, माणसात आणि नियमात. हा फरक किरकोळ वाटेल, पण भोपाळचा सगळा धडा त्यात आहे.

आधी घटनाक्रम बघू. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथिल आयसोसायनेट होतं, सुमारे ४० टन. टाकीत पाणी शिरलं, अभिक्रिया भडकली आणि मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडू लागला. कारखान्यात दोन भोंगे होते. एक आतल्या कामगारांसाठी, एक बाहेरच्या वस्तीसाठी. पूर्वी हे दोन्ही एकत्र वाजत. १९८२ मध्ये ते वेगळे केले गेले. कारण असं की बारीकसारीक गळतीसाठी बाहेरचे लोक उगाच घाबरायला नकोत. म्हणजे आतला वाजत ठेवून बाहेरचा बंद करता येईल अशी सोय झाली. त्या रात्री १२.५० च्या सुमारास बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बंद करण्यात आला. तो पुन्हा लांबवर वाजला सव्वादोनला. तोवर टाकीतून येणारा वायू जवळजवळ ओसरला होता.

मधल्या दीड तासात पोलिसांना खबर लागली होती, पण ती कारखान्याकडून नव्हे. छोला भागातली माणसं पळत सुटली आहेत हे ठाण्याच्या लोकांनी रात्री एकच्या सुमारास पोलीस अधीक्षकांना कळवलं. मग १.२५ ते २.१० या वेळात पोलिसांनी कारखान्यात फोन केले. दोनदा उत्तर मिळालं, सगळं ठीक आहे. शेवटच्या वेळी उत्तर आलं, काय झालंय ते आम्हाला माहीत नाही. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांना आधी सांगितलं गेलं अमोनिया असावा, मग फॉस्जीन, मग ‘एमआयसी’ अशी तीन अक्षरं. त्या अक्षरांचा अर्थ काय, उपाय काय, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

आता बघा, या साखळीत तुटलेली तार कुठे आहे? फोन लागला आणि उचललाही गेला. पलीकडून बोलणाऱ्याने ठीक आहे म्हटलं. मालिकेत हे दाखवायचं तर एक अगदी कंटाळवाणं दृश्य घ्यावं लागलं असतं: टेबल, फोन, थकलेला माणूस आणि तीन शब्दांचं उत्तर. त्यात ना पळापळ, ना पार्श्वसंगीत. पण भोपाळमध्ये माणसं मेली ती अशा दृश्यामुळे.

मी पंचवीस-सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, म्हणून भोंग्याबद्दल थोडं सांगतो. कुठल्याही कंट्रोल रूममध्ये धोक्याची सूचना दोन रूपांत येते, आवाज आणि दिवा. ऑपरेटर बटण दाबून आवाज बंद करतो. तो गुन्हा नव्हे, कर्कश आवाजात विचार करता येत नाही. पण आवाज बंद केला तरी पॅनलवरचा दिवा पेटलेलाच राहतो. जोवर बिघाड दुरुस्त होत नाही तोवर तो विझत नाही. आवाज गेला म्हणजे धोका गेला असं आतला माणूस समजत नाही, कारण त्याच्यासमोर दिवा असतो.

बाहेरच्या जेपी नगरातल्या माणसासमोर दिवा नव्हता. त्याच्याकडे फक्त आवाज होता. आवाज आला आणि गेला याचा त्याच्या लेखी एकच अर्थ, नेहमीचंच काहीतरी होतं, मिटलं. आत जे बटण दाबणं म्हणजे ‘सूचना कळली’ असं होतं, ते बाहेर ‘काही नाही, झोपा’ असं होऊन पोचलं. एकच क्रिया, दोन अर्थ. अभियंत्यांनी ही व्यवस्था आखताना बाहेरचा माणूस हा आपल्या यंत्रणेचा भाग आहे असं धरलंच नव्हतं. लोकांची घबराट हाच त्यांना मोठा धोका वाटला आणि विषारी वायू दुसऱ्या क्रमांकावर गेला.

आणि त्या माणसाला सांगायचं तरी काय होतं? फार काही नाही. नाकातोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे जा. एवढी दोन वाक्यं. ती आधी वर्षभर वस्तीत सांगून ठेवलेली असती तर त्या रात्री भोंगा पुरला असता. ती माहीत नसल्याने हजारो माणसं वायूच्या सोबतच धावली. मध्य प्रदेश सरकारने त्या वायूमुळे ३,७८७ मृत्यू झाल्याचं मान्य केलं. इतर अंदाज याच्या कितीतरी वरचे आहेत. २००६ च्या सरकारी शपथपत्रात इजा झालेल्यांचा आकडा ५,५८,१२५ आहे.

आता रेल्वेकडे वळू, कारण मालिकेचं नावच ते आहे. दस्तगीर यांनी काय केलं? गोरखपूरहून आलेली गाडी फलाटावर उभी होती. सुटायची वेळ झालेली नसताना त्यांनी ती सोडायला लावली आणि दोन्ही बाजूंच्या स्टेशनांना कळवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवल्या. स्वतः रात्रभर तिथेच राहिले, पुढे वर्षानुवर्षं आजारी राहिले, २००३ मध्ये गेले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काही जण त्या रात्रीच गेले. हे शौर्य आहेच. मालिका ते शौर्य म्हणून दाखवते, हे योग्यच.

पण एक विचार करा. स्टेशनवरचा एक अधिकारी रात्री दीड-दोनला निर्णय घेतो, गाड्या थांबवतो, आणि पुढचा स्टेशन मास्तर त्याचं ऐकतो. हे शक्य का झालं? रेल्वेच्या कामाची पद्धतच तशी आहे म्हणून. एक स्टेशन दुसऱ्याला लाइन क्लिअर विचारतं. दुसरं ‘हो’ म्हणेपर्यंत गाडी सुटत नाही. उत्तराबरोबर प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो आणि तो रजिस्टरात वेळेसह लिहिला जातो. म्हणजे निरोप पोचला का, कोणाला पोचला, काय उत्तर मिळालं, हे कागदावर राहतं. पलीकडून उत्तर आलं नाही तर ‘सगळं ठीक असेल’ असं धरत नाहीत. उलट गाडी थांबते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रेल्वेत धोका दाखवायचा अधिकार वरच्या साहेबापुरता नसतो. रुळावर काम करणाऱ्या गँगमनला रूळ तुटलेला दिसला तर तो लाल झेंडी दाखवतो, रुळावर पटाखे लावतो आणि मेल गाडीसुद्धा थांबवतो. आधी परवानगी विचारत बसत नाही. नंतर चौकशी होईल, ती होऊ दे. गाडी उगाच थांबली तर काही मिनिटं जातात, न थांबवली तर माणसं. हा हिशेब रेल्वेने शे-दीडशे वर्षांत अपघात सोसून सोसून शिकलाय.

कार्बाइडच्या दारात असा गँगमन नव्हता. म्हणजे कामगार होते, पण त्यांच्या हातात लाल झेंडी नव्हती. डिसेंबर १९८१ मध्ये तिथेच फॉस्जीनने एक कामगार मेला होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या पथकाने कारखान्यातले दोष लिहून दिले होते. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकात शहराला सावध केलं, जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तूनही पुन्हा लिहिलं. मालिकेतला जगमोहन कुमावत हा पत्रकार त्यांच्यावरून घेतलेला आहे. पण केसवानींचं लिहिणं ज्यांच्यापर्यंत पोचलं त्या कोणावरही उत्तर द्यायची सक्ती नव्हती. लाइन क्लिअर मागितली, पलीकडून आवाज आला नाही, आणि गाडी मात्र सुटली.

मालिकेने या दोन यंत्रणा शेजारी ठेवल्या असत्या तर ती फार मोठी झाली असती. एका शहरात, एकाच रात्री, तीन-चार किलोमीटरच्या आत, एक यंत्रणा तळच्या माणसाला धोका जाहीर करू देत होती आणि दुसरी वरून आलेल्या नियमाने भोंगा बंद करत होती. त्याऐवजी मालिका आपल्याला वीर आणि खलनायक देते. वीर अपवादात्मक धाडसी, खलनायक अपवादात्मक नीच. अपवाद म्हटला की बाकीच्यांनी शिकायचं काही उरत नाही. बाहेरचा भोंगा बंद करणारा माणूस कदाचित नीच नसेलही. तो पद्धत पाळत होता. भीती वाटायला हवी ती याची.

मालिका त्या रात्रीपाशी आणि दुसऱ्या सकाळपाशी थांबते. निरोपाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे दोन आठवडे चालली. कारखान्यात मिथिल आयसोसायनेट अजून शिल्लक होतं. शास्त्रज्ञ एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली ते कीटकनाशकात रूपांतरित करून संपवायचं ठरलं. तारीख १६ डिसेंबर, नाव ‘ऑपरेशन फेथ’. या वेळी सरकारने सगळं आधी सांगितलं. मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांनी आपण स्वतः कारखान्यात हजर राहू असं जाहीर केलं. ओली कापडं लावली, हेलिकॉप्टरमधून पाणी फवारलं. काम सुखरूप पार पडलं. आणि तरीही लाखो लोक आधीच शहर सोडून गेले होते. स्टेशनं, बसस्टँड भरून वाहत होते. आपल्या इंदूरकडेही बरेच आले.

याला कोणी लोकांचं अज्ञान म्हटलं. मी म्हणणार नाही. दोन आठवड्यांपूर्वी ‘सगळं ठीक आहे’ हे उत्तर पोलिसांना मिळालं होतं. तेच वाक्य आता सरकार जनतेला सांगत होतं. वाक्य खरं होतं, पण त्याची पत संपली होती. एकदा खोटा ठरलेला हिरवा सिग्नल दुसऱ्यांदा खरा असला तरी ड्रायव्हर गाडी हळूच काढणार. लोकांनी तेच केलं. मालिकेने हा पंधरवडा घेतला असता तर प्रेक्षकाला कळलं असतं की संकटात बोलणं ही त्या रात्रीची कसरत नाही, त्या आधीच्या कित्येक वर्षांची पुंजी असते.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ४१ ब आलं. त्यानुसार धोक्याची माहिती कामगारांना, शासनाला आणि आसपासच्या जनतेला देणं मालकावर बंधनकारक झालं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत, कारखान्याबाहेरच्या माणसांना धोका काय आणि दुर्घटनेत काय करावं ते आधीच सांगितलं पाहिजे, असं लिहिलं गेलं. कागद चांगला आहे. पण ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन सुटलं, बारा माणसं गेली, आणि चौकशी समितीच्या अहवालात आलं की धोक्याचा भोंगा वाजवलाच गेला नव्हता. छत्तीस वर्षांनी तोच भोंगा.

आणि ही गोष्ट आता आपल्या दारात आली आहे, म्हणून तर हा लेख. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा हायकोर्टाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांत भरून निघाला आणि ग्रीन कॉरिडॉर करून सुमारे अडीचशे किलोमीटर आणून पीथमपूरला पोचवला. पीथमपूर धार जिल्ह्यात, पण इंदूरचा शेजारच म्हणा ना. ३ तारखेला तिथे बंद झाला, लाठीमार झाला, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. सरकारने हायकोर्टाला सांगितलं की गैरसमज पसरलेत, लोकांना समजावायला वेळ हवा. कोर्टाने सहा आठवडे दिले. मग प्रशासनाने सभा घेतल्या, माहिती वाटली. दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीस उरलेला कचराही जाळून झाला.

तांत्रिक बाजू मी इथे तपासत नाही. ज्वलनाचं तापमान, उत्सर्जनाची मोजमापं यांवर स्वतंत्र लेख होईल. माझं बोट क्रमावर आहे. आधी कंटेनर, मग समजावणं. सहा आठवडे सांगायला लागणार होते तर ते कंटेनर निघण्याआधीचे का नव्हते? उत्तर बहुधा तेच, १९८२ चं. आधी सांगितलं तर लोक घाबरतील. न सांगता आणलं आणि लोक त्याहून जास्त घाबरले. ज्या शहराच्या कचऱ्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या शहराच्या नावाला ही पत लागलेली आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

कोणी म्हणेल, टीका करणं सोपं आहे, लोकांना विश्वासात घ्यायचं म्हणजे करायचं काय? उत्तरासाठी परदेशात जायची गरज नाही, आपल्याच गावात ते आहे. १९१७-१८ च्या काळात तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात होते. शहरात प्लेगची भीती. ‘उंदीर मारा, घरं साफ ठेवा’ अशी फर्मानं काढून काही होत नव्हतं, लोक सरकारी माणूस दिसला की दार लावून घेत. गेडिसनी दिवाळीची मिरवणूक आखली. नेहमीच्या वाटेने नव्हे. ज्या मोहल्ल्यातली घरं सगळ्यात स्वच्छ आणि दुरुस्त होतील तिथून ती जाणार असं जाहीर केलं. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराचं सोंग होतं, घाणीचा राक्षस होता, आणि सफाई कामगारांना स्वच्छ कपड्यांत, हार घालून मानाने चालवलं. फर्मान तेच होतं, पण ते लोकांच्या सणात आणि लोकांच्या भाषेत बसवलं होतं. १९१८ मध्ये त्यांनी होळकर दरबाराला शहराच्या आराखड्याचा मोठा अहवाल सादर केला, आपल्यापैकी अनेकांनी तो चाळला असेल. त्या अहवालाचे नकाशे आपण फार कौतुकाने दाखवतो. मिरवणूक मात्र गंमत म्हणून सांगतो. माझ्या मते उलट असायला हवं.

मिरवणुकीने प्लेग संपला असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की गेडिसनी शहरातल्या माणसाला यंत्रणेचा भाग धरलं. कार्बाइडने धरलं नाही, आणि पीथमपूरच्या वेळी उशिरा धरलं.

तेव्हा ‘द रेल्वे मेन’ जरूर बघा. बघताना इफ्तेकार सिद्दीकींच्या धाडसाबरोबर त्यांच्या टेबलावरच्या रजिस्टराकडेही लक्ष असू द्या. आणि मंडळासाठी एक काम सुचवतो. इंदुरातल्या आपल्या घरांत अजून अशी माणसं आहेत जी डिसेंबर ८४ मध्ये भोपाळहून इथे आली, किंवा ज्यांनी आलेल्या नातेवाइकांना ठेवून घेतलं. त्यांना ‘काय भोगलं’ हे आजवर अनेकांनी विचारलंय. आपण तीन साधे प्रश्न विचारू: धोका आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं, किती वाजता, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत? उत्तरं वेळेसह लिहून ठेवू. कारखान्याच्या बाजूने ते रजिस्टर कोणी ठेवलं नाही. लोकांच्या बाजूने अजून ठेवता येईल, पण त्या पिढीतली माणसं सत्तरी-ऐंशीला आली आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी हाती घ्यायला हवं.